ठिपक्यांची नानकटाई

बायको असेपर्यंत आमच्या घरात मिठाची बरणी कुठं असते ते मला माहीत नव्हतं. ही काही मिरवायची गोष्ट नाही. पण लिहायलाच बसलोय तर खरं लिहावं. मी चौथी शिकलेला माणूस. साखर कारखान्यात आधी ऊस ढकलला, मग बॉयलरपाशी उभा राहिलो, त्यातच जन्म गेला. घरी आलो की ताट समोर यायचं, रिकामं झालं की उचललं जायचं. ताट येण्याआधी त्या चुलीपाशी काय चालतं ते मी कधी डोकावून बघितलं नाही.

ती गेल्या वर्षी चैत्रात गेली. तेरावं झालं, पाहुणे गेले, लेक आठवडाभर राहून पुण्याला तिच्या घरी गेली. मी ओट्यापुढं उभा राहिलो तेव्हा कळलं की आपल्याला चहासुद्धा धड येत नाही. मग सुरू झाला पुड्यांचा कारभार. सकाळी चहा-खारी. दुपारी कुणी भाकरी आणून दिली तर भाकरी, नाहीतर क्रीमची बिस्किटं. संध्याकाळी देवळालीच्या बाजारातली जिलबी, कारण ती चावावी लागत नाही. वर्षभर मी असा जगलो आणि मला वाटत होतं की बरं चाललंय.

यंदा गणपतीत लेक आली. केर काढायला म्हणून खाटेखाली झाडू घातला तर रिकाम्या पुड्यांचा ढीग निघाला. दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी मला राहुरीला नेलं आणि रक्त तपासून आणलं. कागदावरचा साखरेचा आकडा वाचला आणि मग बोलली.

"आप्पा, बास झालं आता. घर बंद करायचं आन माझ्याकडं यायचं."

"मी न्हाई यायचो."

"मग हितं एकटे बिस्किटं खाऊन मरणार?"

"मरंन. पर हितं मरंन."

"लई शहाणे हाये तुमी." पुण्यात वीस वर्षं काढली तरी चिडली की तिची भाषा गावाकडची होते. "आईनं तुमाला उभ्या जन्मात एक काम लावलं न्हाई, तिचीच चूक हाय."

शेवटी आमचा सौदा ठरला. दिवाळीत ती येणार, पुन्हा रक्त तपासणार. आकडा उतरला तर मी राहायचं. चढला तर तोंडातून शब्द न काढता गाडीत बसायचं. मी हो म्हणालो. पुण्याच्या फ्लॅटमध्ये माझ्यासाठी खोली आहे, गॅलरी आहे, जावई सोन्यासारखा आहे, सगळं आहे. पण आमच्या स्वयंपाकघरात दिव्याच्या बटणाशेजारी भिंतीवर एक तेलकट डाग आहे. कणकेच्या हातानं दिवा लावून लावून बायकोनं तो पाडलाय. तो डाग तिकडं नाही.

आता दोन महिन्यांत स्वयंपाक शिकायचा कुणाकडं? शेजारणी शिकवायला तयार होत्या, पण प्रत्येकीचं सुरू व्हायचं "अंदाजानं घ्या" या शब्दांनी. अंदाज असता तर विचारायला कशाला आलो असतो? मग मला एसटी आठवली. पंच्याहत्तरी ओलांडली की एसटी फुकट. आधार कार्ड दाखवायचं आणि बसायचं. आणि बसायचं ते बाईमाणसाशेजारच्या सीटवर नाही, पुढच्या सीटवर, म्हणजे मागं वळून बोलता येतं. "ताई, डब्यात काय नेता?" एवढं विचारलं की पुढचा थांबा येईपर्यंत बाई बोलते. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी बायकोशी जास्त बोललो असतो.

कंडक्टर ओळखीचे झाले. "मामा, आज कुठं?"

"जिथं बरं खातेत तिथं."

जळगावला गेलो तिथं कळण्याची भाकरी खाल्ली. ज्वारीत अख्खे काळे उडीद घालून दळायचे, बास. दोन भाकरी खाल्ल्या की संध्याकाळपर्यंत पोट बोलत नाही. पाथर्डीच्या बाजूला एका म्हातारीनं हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे वळायला शिकवले. माझे पहिले शेंगोळे बघून म्हणाली, "बाबा, ह्ये शेंगोळं न्हाईत, दोरखंड हाये." दर खेपेला घरी यायचं, लगेच करून बघायचं, जळलं तर कुत्र्याला, जमलं तर मला. महिनाभरात कुत्रं माझ्या दारात यायचं बंद झालं. म्हणजे मला स्वयंपाक यायला लागला.

खोटं कशाला बोलू, मजा यायला लागली. तव्यावर भाकरी फुगली तेव्हा मी एकटा घरात "अगं बघ!" असं ओरडलो होतो. बघायला कुणी नव्हतं. पण भाकरी फुगलेली होती.

पण गोडाचं काय? माझी जीभ जिलबीवर वाढलेली. चार वाजले की चहाबरोबर काहीतरी लागतंच. तेव्हा मला बायकोची नागलीची नानकटाई आठवली.

बायको फिरायला गेली की देवाचे फोटो किंवा खेळणी आणायची नाही. पीठ आणायची. नाहीतर दाणे, पदराच्या टोकाला गाठ मारून. फार वर्षांपूर्वी कारखान्यातले आम्ही काहीजण बायकापोरांसह टेम्पो करून भंडारदऱ्याला गेलो होतो. धरण बघायला सगळे गेले. ही एका घराच्या पडवीत जाऊन बसली आणि नागलीची भाकरी खाऊन, पदरात नागली बांधून आली. नागली म्हणजे नाचणी, तिकडं नागली म्हणतात. मी टेम्पोत म्हणालो होतो, "एवढ्या लांब येऊन ह्ये आनलंस?" ती म्हणाली, "तुमी काय आनलंत?" मी काहीच आणलं नव्हतं.

त्या दिवाळीपासून आमच्याकडं नागलीची नानकटाई सुरू झाली. काळपट, खुसखुशीत, तोंडात टाकली की विरघळणारी. ती कशी करायची ते मी कधी विचारलं नाही. आता विचारायला भंडारदऱ्याकडं, राजूरच्या एसटीत बसलो.

राहुरी, संगमनेर, अकोले, राजूर. पुढं पायी. ते घर सापडलं नाही, कसं सापडणार? पण दुसरं एक घर सापडलं. दारात एक म्हातारी नागली पाखडत होती. मी सगळं सांगितलं, बायकोचंसुद्धा. तिनं ऐकून घेतलं, मला भाकरी दिली, वर उडदाचं घट्ट पिठलं दिलं. म्हणाली, "बिस्किटाचं मला ठावं न्हाई. पर नागली खायची तर मोड आनून खा. भिजव, फडक्यात बांध, सावलीत वाळव, मंग भाज आन दळ." एवढं मिळालं. एक पिशवी नागली घेऊन परत आलो.

बाकीचं मी माझ्या डोक्यानं जुळवलं. गूळ-साखर बंद, म्हणून खजूर वाटून घातला. तूप वाईट असं कुणीतरी एसटीत म्हणालं होतं, म्हणून शेंगदाण्याचं तेल घातलं. पीठ मळेना, म्हणून पाणी घातलं. आणि दिवाळीच्या आधी डबे सायकलला अडकवून बेकरीत गेलो.

आमच्याकडं दिवाळीला नानकटाई घरी भाजत नाहीत. पीठ, तूप, साखर सगळं आपलं घेऊन बेकरीत जायचं, तिथंच खाली बसून गोळे वळायचे, पत्र्यावर लावायचे, बेकरीवाला त्याच्या भट्टीत भाजून देतो. दिवाळीच्या आधी आठ दिवस बेकरीत बायकांची ही गर्दी असते. पन्नास वर्षं मी डबे पोचवायला येत होतो, पण कायम बाहेर, सायकलवर बसून. आज पहिल्यांदा आत गेलो.

"मामा, कुनाला शोधता?" एकीनं विचारलं.

"जागा शोधतो. सरका."

त्या सरकल्या. मी मांडी घालून वळायला लागलो. माझे गोळे बघून दुसरी म्हणाली, "मामा, नानकटाई थापताय का गोवऱ्या?" सगळी बेकरी हसली. मीपण हसलो. खरं तर गोवऱ्याच दिसत होत्या. माझ्या बाजूला शाळेतल्या एक निवृत्त झालेल्या बाई बसल्या होत्या. त्यासुद्धा नागलीच्या पिठाचे गोळे वळत होत्या. मी मनात म्हटलं, बघा, शिकलेल्या माणसांनाही आता नागलीची अक्कल आली. बोललो मात्र नाही. शाळेतल्या बाईंशी बोलायची मला चौथीपासून भीती.

पत्रे भट्टीत गेले. बाहेर आले. बेकरीवाल्यानं माझे डबे भरून दिले.

घरी येऊन, हातपाय धुऊन, चहा ठेवून, मी एक तोंडात टाकली.

आणि खाली बसलो.

तिचीच होती. अगदी तिची. तोच भाजका वास, तीच खुसखुस, शेवटी जिभेवर येणारी तीच बारीकशी आंबट चव. चहा उतू गेला तरी मला उठवेना. मी डोळे पुसले आणि मोठ्यानं म्हणालो, "जमली गं!" लगेच लेकीला फोन लावला.

"तुझ्या आयची नानकटाई केली म्या. गूळ न्हाई, साखर न्हाई. हुबेहूब."

तिनं मला ते पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाली, "माझ्यासाठी ठेवा."

ठेवली. पण आठ दिवस मीही खाल्ली. सकाळी दोन, चार वाजता दोन, आणि येता-जाता एखादी. खजुराचीच आहे, काय होतंय? गल्लीत ज्याला त्याला बोलावून चव दाखवली. अभिमान इतका वाढला की लग्नकार्याला ऑर्डरी घ्याव्यात की काय असं वाटायला लागलं.

वसुबारसेला लेक आली. आधी राहुरीला रक्त दिलं, मग घरी आलो. मी तिला कळण्याची भाकरी आणि शेंगोळे वाढले. ती दोनदा माझ्याकडं आणि एकदा ताटाकडं बघत जेवली. मग मी डबा उघडला. तिनं एक नानकटाई खाल्ली आणि तोंड फिरवून खिडकीतून बाहेर बघत बसली. "आईचीच आहे," एवढंच म्हणाली.

संध्याकाळी मोबाईलवर रिपोर्ट आला. आकडा चढलेला.

"गूळ किती घातलाय ह्यात?"

"कनभर न्हाई."

"आप्पा, खोटं नका बोलू. मला काय गुळाची चव कळत न्हाई व्हय?"

"खजूर घातलाय म्या! तुझ्या आयची शपथ."

"तिची शपथ घालू नका!" ती ओरडली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "लपून खायचं होतं तर खायचं, आप्पा. पर मला फोनवर... मी आठ दिवस सगळ्यांना सांगत सुटलेय, आमच्या आप्पांनी एवढं केलं म्हणून."

ते मला आकड्यापेक्षा जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझे कपडे पिशवीत भरायला लागली आणि मी, ठरल्याप्रमाणे, तोंडातून शब्द काढला नाही. स्वयंपाकघरात जाऊन त्या तेलकट डागापाशी उभा राहिलो. धनत्रयोदशी होती. दारात रांगोळीसुद्धा नव्हती.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "आहे का कुणी घरात?"

शाळेतल्या बाई. हातात स्टीलचा डबा. पायरीवर डबा ठेवून त्यांनी झाकण काढलं आणि वर्गात फळ्याकडं बोट दाखवावं तसं आत बोट दाखवलं.

"ही बिस्किटं तुमची का हो?"

मी बघितलं. काळी, जाड. गोवऱ्याच.

"माझ्या नातवानं एक चावून बघितलं आणि ते फेकून चिंच पाडली," बाई म्हणाल्या. "चिंच पडली, बिस्किट फुटलं नाही. मी म्हटलं, पन्नास वर्षांत माझी अशी बिघडली नाहीत. मग बेकरीत चौकशी केली. त्या दिवशी नागलीचे दोघेच होतो, तुम्ही आणि मी. माझी कुठं आहेत?"

लेक आतून डबा घेऊन आली. बाईंनी एक उचलून खाल्ली. "ही माझी. चांगला पाव किलो गूळ आहे ह्यात." मग डब्यात डोकावून म्हणाल्या, "अहो, अर्धी संपवलीत!"

लेक पायरीवरच बसली. आधी मला वाटलं रडतेय. पण ती हसत होती. आई गेल्यापासून मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. "आप्पा," ती म्हणाली, "चिंच पाडली तुमच्या बिस्किटानं!" आणि पुन्हा सुरू.

"तू मला खोटारडा म्हनलीस," मी म्हणालो.

"चुकलं माझं. पर तुमी जन्मभर साखर कारखान्यात ऱ्हाऊन गूळ कसा ओळखला न्हाई?"

याचं उत्तर इथं लिहितो. मला तो ओळखायचाच नव्हता.

चहा झाला. मी धीर करून बाईंना विचारलं, "ही चव तुमाला कशी जमली? ही आमच्या मंडळीची हाय."

"त्यांचीच आहे. त्यांनीच मला शिकवलं, बेकरीत शेजारी बसून. किती दिवाळ्या आम्ही शेजारी बसलो! मोड आणून सावलीत वाळवलेली नागली, साजूक तूप, आणि पाणी नाही, दोन चमचे ताक. आंबट ताक. त्यांना ते भंडारदऱ्याकडच्या कुणी सांगितलं होतं म्हणे, भाकरीला. त्यांनी ते नानकटाईला लावलं." माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुम्ही त्या वेळी बाहेर सायकलवर बसून पेपर वाचायचात."

"वाचत नव्हतो. चित्रं बघायचो."

"आणि तुम्ही छाप का नाही मारलात?"

"कसला छाप?"

बाईंनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी पुन्हा चौथीत गेलो. सगळ्यांची नानकटाई दिसायला सारखी, पत्रे भट्टीत इकडचे तिकडं होतात, म्हणून प्रत्येक बाई आपल्या गोळ्यांवर आपली खूण दाबते. कुणी काट्याच्या रेघा, कुणी बटण, कुणी बाटलीचं झाकण. बाईंचा छाप काट्याच्या चार रेघांचा. त्या दिवशी काटा घरी विसरला होता, म्हणून सगळा घोळ. "आणि तुमच्या मिसेसचे ठिपके," त्या म्हणाल्या. "गोधडी शिवताना बोटात घालतात ना, ती पितळेची टोपी. तिचे ठिपके."

पन्नास वर्षं ते ठिपके मी खाल्ले. मला वाटायचं नक्षी आहे.

कपड्यांची पिशवी लेकीनं स्वतःच रिकामी केली. पण ती आईची मुलगी आहे, सौदा सोडला नाही. "संक्रांतीपर्यंत," म्हणाली. "तुमच्या खऱ्या बिस्किटांवर. आन ह्या बाईंचा डबा आत्ता परत." मग तिनं माझी एक गोवरी चावून बघितली, दाताला हात लावला आणि म्हणाली, "आप्पा, शुगर नक्की उतरंल. ही कोन खानार?" दारात मात्र तिनं रांगोळी काढली, मोठी.

टोपी शिवणाच्या डब्यात सापडली. आत तिच्या बोटाची झीज होती. माझ्या करंगळीवरसुद्धा बसली नाही.

मग मी पुन्हा लागलो. बाईंनी तूप किती ते सांगितलं, म्हणजे थोडंच, पण तेल नको. खजूर तेवढा मी सोडला नाही. ताक आंबट करायला दोन दिवस ठेवायचं हे मी स्वतः शोधलं, लिहून ठेवा. मधल्या काळात एकदा राजूरला जाऊन त्या म्हातारीला माझी नानकटाई दिली. तिनं चघळली, विचार केला आणि म्हणाली, "दात असते तर सांगितलं असतं." तिच्या घरून निघताना पदर नसल्यामुळं उपरण्याच्या टोकाला नागली बांधून घेतली.

संक्रांतीला आकडा उतरला. फार नाही, पण उतरला. लेकीनं रिपोर्ट फोनवर दोनदा वाचायला लावला आणि मग म्हणाली, "बरं. ऱ्हावा तिथंच." तिचा आवाज थोडा नाराज वाटला, थोडा बरा. "पर मला एक डबा पाठवा."

त्या डब्यासाठी परवा बेकरीत गेलो. दिवाळी नव्हती, गर्दी नव्हती, एक-दोन लग्नघरच्या बायका होत्या. मी माझी जागा घेतली, गोळे वळले आणि पितळेची टोपी चिमटीत धरून एकेका गोळ्यावर दाबली. काही ठिपके वाकडे पडले. पत्रे आत गेले. मी सवयीनं बाहेर सायकलपाशी जाऊन उभा राहिलो आणि मग आठवून परत आत आलो.

भट्टीतून पत्रे निघाले. बेकरीवाल्यानं एक पत्रा बाहेर ओढला, वाकून बघितलं, आणि मान वर न करता जुन्या सवयीनं ओरडला, "ठिपक्यांची कुनाची?"

"आमची," मी म्हणालो.